फळ्यावर हिशोब, वहीत माणसं

साथीच्या काळात शेजाऱ्यांना मदत करायची असेल तर सगळ्यात आधी वही घ्या. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. मोबाइलमधली यादी चालत नाही. मोबाइल एकाच माणसाचा असतो, आणि तो तापाने पडला की यादीही त्याच्याबरोबर हॉस्पिटलात ॲडमिट होते. वही दुसऱ्याच्या हातात देता येते.

मी बेस्टच्या वीज विभागात ३२ वर्षं मीटर वाचले. कुलाब्यापासून सायनपर्यंतचे जिने गुडघ्यांना पाठ आहेत. २०१८ ला रिटायर झालो. आमची चाळ करी रोड स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर आहे. तळ अधिक तीन मजले, ६४ खोल्या, प्रत्येक मजल्याच्या टोकाला सामायिक संडास. २०२० मध्ये मी चाळ कमिटीचा सेक्रेटरी होतो. मीटिंगला गैरहजर होतो म्हणून बिनविरोध निवडून आलो, आमच्याकडे अशीच पद्धत आहे.

शेजारच्या टॉवरमधल्या दोन मुली परवा विचारत होत्या, "काका, परत कोविडसारखी साथ आली तर आम्ही नक्की काय करायचं?" त्यांना जिन्यात उभ्याउभ्या जे सांगितलं, तेच इथे जरा बसून लिहितो.

वहीत काय लिहायचं

एका खोलीला एक पान. साथ यायची वाट बघू नका. गणपतीच्या वर्गणीला पोरं दारोदार जातातच, त्याच फेरीत विचारून घ्या. साथ आल्यावर वही घेऊन दारात उभे राहिलात की लोक बिचकतात, "हा कशाला विचारतोय?"

पानावर लिहा, घरात माणसं किती. रेशनकार्डावर किती ते नव्हे, रात्री झोपतात किती ते. साठीच्या पुढचं कोण, लहान मूल कोण, कुणी गरोदर आहे का. रोजच्या गोळ्या कुठल्या, आणि गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव जसंच्या तसं उतरवून घ्या. "बीपीची पांढरी गोळी" एवढ्यावर कुठलाही केमिस्ट औषध देणार नाही. डायलिसिस असेल तर कुठल्या वारी, कुठे. रक्तगट. आणि एक बाहेरचा नंबर, म्हणजे त्या घरात न राहणाऱ्या नातेवाइकाचा. दुसऱ्या मजल्यावरच्या एकट्या आजोबांच्या पानावर आम्ही मोठ्या हौसेनं दोन नंबर लिहिले होते, ते दोन्ही त्यांच्याच खिशातल्या फोनचे निघाले. त्यांचा भाचा डोंबिवलीला असतो हे शोधायला दीड दिवस गेला.

शेवटची चार पानं चाळीसाठी राखा. रात्री दोन वाजता गाडी कोण काढेल, इंग्रजी डिस्चार्ज कार्ड वाचून कोण समजावेल, इंजेक्शन द्यायला कोण शिकलंय. त्याखाली महापालिकेचा १९१६, ॲम्ब्युलन्सचा १०८, आपल्या वॉर्ड ऑफिसचा आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर. मुंबईत २०२० मध्ये वॉर्ड २४ होते. कोविडमध्ये खाट वॉर्डाच्या वॉर रूममधून मिळायची, आणि आपण एफ दक्षिणमध्ये की जी दक्षिणमध्ये यावर लोक फोनवर घरच्यांशी वाद घालत बसलेले मी पाहिलेत.

वहीचे फोटो काढायचे नाहीत, ग्रुपवर टाकायचे नाहीत. वही कपाटात राहील आणि ती दोनच माणसांना माहीत असेल. हे मी एवढं ठासून का सांगतोय ते पुढे येतंच.

फळ्याची गोष्ट

एप्रिल २०२०. धारावीत पहिला रुग्ण १ तारखेला सापडला होता आणि सगळ्या गिरणगावाच्या पोटात गोळा आला होता. महिनाअखेरीला आमच्या २३ नंबरमधल्या माणसाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. ॲम्ब्युलन्स आली, त्याला नेलं. मागे बायको, म्हातारी आई आणि दोन मुलं.

मी काय केलं? जिन्याखालच्या नोटीस बोर्डाच्या फळ्यावर खडूनं लिहिलं, "खोली नं. २३ पॉझिटिव्ह. सर्वांनी काळजी घ्यावी." माझ्या मते मी चाळीला सावध केलं होतं. अक्षरही छान आलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून दूधवाल्यानं त्यांच्या दारात पिशवी ठेवणं बंद केलं. नळावर त्या बाईंचा नंबर आला की बाकीच्या मागे सरायच्या. मुलगा गॅलरीत आला की लोक आपापली दारं लावायचे, आणि आमच्या चाळीत दारं दिवसा कधी लावत नाहीत. नवरा चौदा दिवसांनी बरा होऊन आला, तरी महिनाभर तेच. पण खरा फटका वेगळाच बसला. त्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावर एकाला ताप आला आणि त्या घरानं तो चार दिवस लपवला. कारण विचारलं तर म्हणाले, "तुम्ही फळ्यावर लिहाल म्हणून." तोवर त्या मजल्यावर आणखी तिघं आजारी पडले होते.

आजीकडून मी लहानपणी प्लेगच्या गोष्टी ऐकल्या होत्या, आणि तरी मला अक्कल आली नव्हती. मुंबईत प्लेग १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला. पुढच्या वर्षी साथरोग कायदा आला (२०२० मध्ये सरकारनं बाहेर काढला तो हाच, १८९७ चा) आणि घरांच्या झडत्या सुरू झाल्या. आजीचे सासरे तेव्हा गिरणीत होते. त्यांच्या खोलीत गावाकडून आलेला एक भाऊबंद तापानं फणफणला, तेव्हा त्याला माळ्यावर चढवून समोर गोधड्या रचून ठेवलं होतं. झडतीवाले गेले, पण तो माळ्यावरच गेला. लोक अडाणी होते म्हणून लपवत नव्हते. सापडलं की माणूस ओढून नेतात आणि घराचे धिंडवडे निघतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

तेव्हा फळ्यावर फक्त दोन गोष्टी लिहायच्या. जमा-खर्चाचा हिशोब आणि वेळा, म्हणजे पाणी किती वाजता, फवारणी किती वाजता, डॉक्टर कधी. माणसाचं नाव किंवा खोलीचा नंबर नाही. आजारी घराशी बोलायचं ते आधी फोनवर, आणि पहिला प्रश्न "काय हवंय?" हाच. "कुठून लागण झाली?" हा प्रश्न आरोग्य खात्याचा आहे, शेजाऱ्याचा नव्हे.

२३ नंबरकडे मी नंतर गेलो, माफी मागितली. वहिनींनी चहा दिला. त्यावर जास्त बोलल्या नाहीत.

खिचडी आणि रिचार्ज

लॉकडाऊनच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या गल्लीत एका दिवशी तीन ठिकाणांहून खिचडी आली. तिन्ही टेम्पोंवर बॅनर होते. चाळीच्या मागच्या गाळ्यात जरीकाम करणारी बिहारची अकरा मुलं अडकली होती. ती तिसरी खिचडी घ्यायला खाली आलीच नाहीत. मी वर गेलो तर पातेल्यात दुपारचीच आंबलेली पडलेली. विचारलं, बाबांनो, हवंय काय? एक जण लाजत म्हणाला, "चाचा, रिचार्ज." घरी बोलायला बॅलन्स नव्हता. दुसरा म्हणाला, कच्चा तांदूळ-डाळ द्या, शिजवू आम्ही, फक्त सिलिंडर संपत आलाय. अकरा जणांच्या रिचार्जला तीन खिचड्यांच्या टेम्पोच्या डिझेलएवढाही खर्च आला नसता.

म्हणून आधी विचारा. घरात अडकलेल्या चार माणसांच्या कुटुंबाला दोन आठवड्यांचा शिधा आम्ही असा बांधायचो: तांदूळ ५ किलो, गव्हाचं पीठ ५ किलो, तूरडाळ २ किलो, तेल १ लिटर, साखर, मीठ, चहापत्ती, तिखट-हळद, कांदे-बटाटे. हे कुणालाही सुचतं. कुणालाही न सुचणाऱ्या गोष्टी म्हणजे सॅनिटरी पॅड, काडेपेटी, अंगाचा आणि कपड्यांचा साबण, लहान मुलासाठी बिस्किटं, म्हाताऱ्यांची तपकीर-मशेरी. मशेरीचं समर्थन मी करत नाही, पण सत्तर वर्षांच्या बाईची सवय सोडवायला साथीचा मुहूर्त नको.

पोचवायचं कसं? आमच्या आयांनी भाजीवाल्याकडून घेतलं तसंच, गॅलरीतून दोरीला पिशवी सोडून. खालचा माणूस पिशवीत भरतो, वरचा ओढून घेतो, कुणी कुणाच्या जवळ जात नाही. आणि देतानाचा फोटो काढायचा नाही. फोटो काढणाऱ्याला आमच्या कमिटीनं ५०० रुपये दंड ठेवला होता. एकानं भरलाही.

आकडा वाचणं

जुलैत कमिटीच्या पैशांतून रक्तातला ऑक्सिजन मोजणारे तीन ऑक्सिमीटर आणले, आणि त्या सगळ्या गोंधळात मला पहिल्यांदा वाटलं, हे काम आपलं आहे. बोटाला लावायचं असलं तरी मीटर तो मीटरच.

जिना चढून आलेल्या माणसाचं बोट लगेच घेऊ नका, पाच मिनिटं बसू द्या. नखावर पॉलिश किंवा मेंदी नको. हात गार असेल तर चोळून ऊब आणा. बोट पूर्ण आत, हात टेबलावर किंवा मांडीवर टेकलेला. आकडा आधी नाचतो. तो स्थिर होईपर्यंत थांबा, अर्धा मिनिट तरी. मग वेळेसकट लिहा. त्यावर दोन आकडे असतात, ऑक्सिजन आणि नाडी. पहिल्याच आठवड्यात तळमजल्यावरच्या एका काकूंनी नवऱ्याच्या नाडीचा ८२ ऑक्सिजन समजून अख्खा मजला रडवला होता. सावळ्या कातडीवर हे यंत्र किंचित जास्त आकडा दाखवू शकतं, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांनी काठावरच्या आकड्यावर निर्धास्त होऊ नये. ९४ च्या खाली आला तर दुसऱ्या बोटावर पुन्हा बघा, तरी तसाच असेल तर डॉक्टरला फोन. आणि मागची रीडिंगं डॉक्टरला वाचून दाखवा. एका रीडिंगवर बिल काढता येत नाही, मागचंही लागतं. सकाळी ९७, दुपारी ९६, संध्याकाळी ९४ असं उतरत असेल तर माणूस हसून बोलत असला तरी डॉक्टरला सांगायचं.

वाचणाऱ्यानं मास्क लावायचा, यंत्र प्रत्येक बोटानंतर पुसायचं.

आकड्यांचाच दुसरा भाग म्हणजे फोन नंबर. एप्रिल २०२१ मध्ये खाटा आणि ऑक्सिजन सिलिंडरच्या याद्या मोबाइलवर पावसासारख्या पडत होत्या. मीही एक यादी पुढे ढकलली. पहिल्या मजल्यावरच्या घरानं रात्रभर त्यातले सतरा नंबर लावले. काही बंद, काही दुसऱ्या गावचे, एक तर कुणा शाळामास्तरचा. ते मास्तर बिचारे रडकुंडीला आले होते.

त्यानंतर आम्ही तिघं फोनवर बसलो. मी, तिसऱ्या मजल्यावरची नर्सिंग शिकणारी मुलगी आणि तिचा भाऊ. मला साखर आहे, त्यामुळे दारोदार फिरायचं नाही अशी बायकोची सक्त ताकीद होती. फोन मात्र बसून करता येतो. नियम साधा होता. जो नंबर आपण स्वतः लावला नाही, तो पुढे द्यायचा नाही. लावला की शेजारी लिहायचं: "सकाळी १०.४०, उचलला, खाट नाही, ४ नंतर विचारा." तीन तास जुनी नोंद खोडायची. दिवसाला साठ-सत्तर फोनांतून कामाचे दोन-तीन निघायचे. पण आजारी माणसाच्या घरच्यांचे साठ फोन वाचायचे.

औषधांच्या सल्ल्यांचंही तेच. काढा, वाफ, अमुक गोळी, तमुक इंजेक्शन. डॉक्टरनं सांगितलं नसेल तर आपल्या बोटानं पुढे जाऊ द्यायचं नाही. पाठवणारा सख्खा साडू असला तरी.

पावसाळा म्हणजे दरवर्षीची परीक्षा

कोविडसारखी साथ शंभर वर्षांतून येते म्हणतात. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) आणि गॅस्ट्रो दर जुलैला येतात. सराव त्यावर करा.

डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. आमच्याकडे पाणी ठरावीक वेळेला येतं, म्हणून प्रत्येक खोलीत पिंप. "पाणी साठवू नका" असं चाळीतल्या बाईला सांगणं म्हणजे तिचा अपमान आहे. पिंपाला जुन्या धोतराचं फडकं घट्ट बांधा आणि आठवड्यातून एक दिवस ते रिकामं करून आतून घासा. नुसतं ओतून भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा वार पाळायचा. आमचा रविवार आहे. मी टॉर्च घेऊन अर्धा तास फिरतो: मनी प्लांटच्या बाटल्या, फ्रिजमागचा ट्रे, पत्र्यावरची ताडपत्री, गच्चीतला टायर, नारळाच्या करवंट्या. ट्रे मागे असतो हे निम्म्या घरांना मी दाखवल्यावर कळलं.

ताप आला तर रक्त तपासेपर्यंत पॅरासिटामॉलच. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या डेंग्यूत रक्तस्राव वाढवू शकतात.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी त्या दिवशी ड्युटीवर होतो, छातीभर पाण्यातून घरी आलो आणि त्याचा अभिमान बाळगून होतो. पुढच्या आठवड्यांत शहरात लेप्टोचे पेशंट वाढले तेव्हा कळलं की त्या पाण्यात उंदरांचं मूत होतं आणि माझ्या टाचेला भेग होती. मला काही झालं नाही, नशीब. आता पाणी तुंबलं की आम्ही पाण्यातून आलेल्यांची यादी करतो आणि ७२ तासांच्या आत त्यांना पालिकेच्या दवाखान्यात पाठवतो. प्रतिबंधक गोळी कुणाला द्यायची, किती द्यायची ते डॉक्टर ठरवतात. गरोदर बाईला आणि लहान मुलाला ती वेगळी असते, तेव्हा शेजाऱ्याची पट्टी वाटून खाऊ नका.

जुलाबाला ओआरएसची पाकिटं आणून ठेवा. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजानं टाकायचं नाही. आमटी नव्हे ती.

आरोग्यसेविकेबरोबर चाला

माझ्या मते सगळ्यात कमी कष्टाची आणि सगळ्यात मोठी मदत ही, आणि ती कुणी करत नाही. आरोग्यसेविका पाहणीला येते तेव्हा ती एकटी जिना चढते. अनोळखी बाई, हातात कागद, गळ्यात ओळखपत्र. दारं अर्धवट उघडतात, "कुणी आजारी नाही" म्हणून लागतात. ओळखीचा माणूस बरोबर असला की तेच दार पूर्ण उघडतं. मीटर वाचताना हे मी ३२ वर्षं अनुभवलंय, वॉचमन बरोबर असला की कुत्रासुद्धा भुंकत नाही. तिला आधी खुर्ची द्या, पाणी द्या, आणि न विचारता सांगा की संडास कुठे आहे. दिवसभर फिरणाऱ्या बायका पाणी पीत नाहीत ते याच कारणानं.

२०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवराची साथ आली, तेव्हा आम्ही वहीतून लहान मुलांची पानं काढली. गोवराचा पहिला डोस नवव्या महिन्यात आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत असतो. चाळीत चार मुलांचा दुसरा राहिलेला निघाला. हट्टानं कुणी टाळला नव्हता. दोन घरी आई कामावर, दोन घरी लॉकडाऊनमध्ये तारीख चुकली ती चुकलीच. दोघींबरोबर आमच्या घरची मंडळी गेली, रांगेत बसली, झालं. लशीबद्दल वाद घालण्यापेक्षा मूल धरायला एक जण लागतो.

मोठ्यांचंही असंच. २०२१ मध्ये निम्म्या म्हाताऱ्यांची लस ओटीपीपाशी अडली होती. फोन मुलाच्या खिशात, मुलगा ऑफिसात. ३८ नंबरच्या आजींना आम्ही चौघांनी खुर्चीत बसवून तीन मजले खाली आणलं. वाटेत त्या प्रत्येक मजल्यावर थांबवून गप्पा मारत होत्या; वर्षभरात खाली उतरल्याच नव्हत्या.

टीबीची साथ कुणी साथ म्हणत नाही, पण आमच्या भागात ती कायम आहे. औषधं फुकट मिळतात, ती किमान सहा महिने घ्यायची असतात आणि दुसऱ्या महिन्यात बरं वाटलं की माणूस सोडतो. तिथे शेजाऱ्याचं काम एवढंच: रोज एका वेळेला "घेतली का?" विचारायचं, आणि अंडी-शेंगदाण्यांची सोय बघायची. हेही फळ्यावर नाही.

रक्तदानाबद्दल थोडक्यात. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, पुरुषांनी ३ महिन्यांनी, बायकांनी ४ महिन्यांनी. २०२० मध्ये लालबागच्या राजाच्या मंडळानं मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्त आणि प्लाझ्मादान घेतलं, तेव्हा आमची पोरंही रांगेत होती. पण सगळ्यांनी एकाच दिवशी देऊ नका. प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात आणि डेंग्यू सप्टेंबरभर चालतो. रक्तपेढीला फोन करून विचारा, वहीतल्या रक्तगटांचे गट पाडा, पाळीपाळीनं पाठवा.

दमल्यावर

मदत करणारा आजारी पडला की दोन घरांचं काम अडतं. आठवडाभर एक, पुढच्या आठवड्यात दुसरा. साखर-बीपीवाल्यांनी फोन आणि हिशोब घ्यावा, तरण्यांनी जिने. काम एकच धरा आणि तेच करत राहा. सात कामं धरणारे आमच्याकडे दहाव्या दिवशी गावाला गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना मी रोज संध्याकाळी सातला फोन करायचो. बोलायला काही नसायचं. ते मला रेडिओवरच्या बातम्या सांगायचे, ज्या मी टीव्हीवर आधीच पाहिलेल्या असायच्या. अजून करतो.

वही यंदा त्या नर्सिंगवाल्या मुलीकडे दिली, ती आता नोकरीला लागलीय. अक्षर माझ्यापेक्षा वाईट आहे. ४१ नंबरला मे महिन्यात नवीन भाडेकरू आलेत, नवरा-बायको आणि एक तान्हं मूल. त्यांचं पान अजून कोरं आहे. रविवारी टॉर्च घेऊन जाईन तेव्हा विचारून घेतो.